रांगेत उभा ठेवलेला जगज्जेता

२७ सप्टेंबर १९८०. लंडनच्या वेंब्ली अरेनात तिसरी फेरी निम्म्याहून थोडी पुढे सरकली होती आणि रेफरीने लढत थांबवली. ॲलन मिंटरचा चेहरा इतक्या ठिकाणी फाटला होता की त्याला पुढे खेळू देणं शक्यच नव्हतं. मिडलवेट गटाचं जगज्जेतेपद अमेरिकेच्या मार्व्हिन हॅगलरकडे आलं. आनंदाने तो रिंगच्या मधोमध गुडघ्यांवर बसला. आता त्याचा हात वर व्हायचा, नाव पुकारलं जायचं, कमरेला पट्टा बांधला जायचा. त्याऐवजी प्रेक्षकांतून बिअरच्या बाटल्या आणि डबे रिंगमध्ये येऊन पडू लागले. हॅगलरचे प्रशिक्षक गुडी आणि पॅट पेट्रोनेली हे दोघे भाऊ आणि त्याची बाकीची माणसं धावत गेली, त्याच्याभोवती कोंडाळं करून त्यांनी त्याला आपल्या अंगाखाली झाकून घेतलं. मग पोलिसांच्या कड्यातून त्याला आत नेण्यात आलं. ज्या पट्ट्यासाठी तो सात वर्षं झिजला, तो त्याला रिंगमध्ये मिळालाच नाही.

लढतीच्या आधी वातावरण तापलेलंच होतं. काळ्या माणसाला आपलं पद घेऊ देणार नाही, अशा अर्थाचं मिंटर बोलल्याचं वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. इंग्लंडचा खेळाडू, इंग्लंडचं सभागृह आणि मध्यरात्रीपर्यंत दारू पिऊन बसलेली गर्दी. पण हॅगलरच्या आयुष्यातला हा पहिला अन्याय नव्हता, आणि त्याच्या दृष्टीने शेवटचाही नव्हता.

आपल्याकडे बॉक्सिंग म्हटलं की मुहम्मद अली आणि मग एकदम माइक टायसन. मधली दहा वर्षं जणू नव्हतीच. जाणकारांना विचारलं तर ते सांगतील की त्या दहा वर्षांत या खेळाचा भार अवजड गटाने नव्हे, तर मधल्या वजनाच्या चौघांनी वाहिला. शुगर रे लेनर्ड, टॉमी हर्न्स, पनामाचा रॉबेर्तो दुरान आणि मार्व्हिन हॅगलर. या चौघांनी आपापसात लढून जे उभं केलं, त्याच्यावर आजही पुस्तकं येतात. चौघांत हॅगलर सर्वांत कमी बोलणारा, सर्वांत कमी चमकणारा. आणि चार जुने शौकीन एकत्र बसले, त्याचं नाव निघालं, की गाडी ठरलेल्या स्थानकावर येऊन थांबते: ६ एप्रिल १९८७ च्या रात्री लेनर्डने त्याला खरंच हरवलं होतं का?

हा प्रश्न मला टाळायचा नाही. त्याचं माझ्यापुरतं उत्तर मी पुढे देणार आहे. पण सदुसष्ट लढतींची कारकीर्द एका रात्रीच्या गुणपत्रिकेत कोंबली जाते, आणि आधीची चौदा वर्षं नुसती प्रस्तावना होऊन बसतात, हे मला पटत नाही. हॅगलर समजून घ्यायचा तर त्याला किती काळ आणि का ताटकळत ठेवलं गेलं, तिथून सुरुवात करावी लागते.

त्याचा जन्म २३ मे १९५४ चा, न्यू जर्सीमधल्या न्यूअर्क शहरातला. आई आयडा मे हिने मुलांना जवळपास एकटीने वाढवलं. मार्व्हिन सर्वांत थोरला. जुलै १९६७ मध्ये न्यूअर्कमध्ये दंगल पेटली, सव्वीस माणसं गेली. गोळीबार सुरू असताना आईने मुलांना खिडकीजवळ जायची बंदी केली होती. पोरं पलंगाखाली पडून राहायची, घरातल्या घरात रांगत जायची. तेराव्या वर्षी पाहिलेलं हे हॅगलर पुढे मुलाखतींत सांगत असे. त्यानंतर या कुटुंबाने शहर सोडलं आणि मॅसॅच्युसेट्समधलं ब्रॉकटन गाठलं.

ब्रॉकटन हे बुटांच्या कारखान्यांचं गाव. कारखाने मागे पडत चालले होते, पण गावाला एक अभिमान होता: रॉकी मार्सियानो. ४९ लढती, ४९ विजय, आणि जगज्जेता असतानाच निवृत्ती. अशा गावात एका पोराला रस्त्यावर मार बसला. मारणारा स्थानिक बॉक्सर होता आणि मार चारचौघांत बसला होता. हॅगलरने पेट्रोनेली बंधूंच्या व्यायामशाळेचा जिना धरला. गुडी आणि पॅट या भावांचा बांधकामाचाही व्यवसाय होता. मार्व्हिन दिवसा त्यांच्याकडे विटा-सिमेंटचं काम करायचा आणि संध्याकाळी त्यांच्याच हाताखाली सराव. हे नातं शेवटपर्यंत टिकलं. मोठे प्रवर्तक आले, पैशांचे आकडे सात-आठ अंकी झाले, तरी त्याच्या कोपऱ्यात ब्रॉकटनचे हे दोघे भाऊच उभे असत. बॉक्सिंगमध्ये हे फार दुर्मीळ आहे. तिथे पहिला मोठा धनादेश आला की पहिला प्रशिक्षक जातो.

१९७३ मध्ये त्याने राष्ट्रीय हौशी विजेतेपद मिळवलं. ऑलिंपिकपर्यंत थांबला असता तर कदाचित त्याचं सगळं वेगळं झालं असतं. पण ट्रॉफी देऊन दुकानात किराणा मिळत नाही, असं तो म्हणायचा. घरात माणसं होती, पैसा हवा होता. त्याच वर्षी मे महिन्यात तो व्यावसायिक झाला. पहिल्या लढतीचे मिळाले पन्नास डॉलर. तीन वर्षांनी शुगर रे लेनर्ड माँट्रियल ऑलिंपिकचं सुवर्णपदक घेऊन आला, आणि देखणा, हसरा, बोलका हा तरुण दूरचित्रवाणीने पहिल्या दिवसापासून उचलून धरला. दोघांच्या वाटा तिथेच वेगळ्या झाल्या.

हॅगलरच्या वाट्याला फिलाडेल्फिया आलं. सत्तरच्या दशकात मिडलवेटचं खरं विद्यापीठ तेच. तिथल्या व्यायामशाळांतले सरावही लढतींसारखे होत. बाहेरगावच्या पोराने तिथे येऊन गुणांवर जिंकणं जवळपास अशक्य मानलं जाई. जानेवारी १९७६ मध्ये बॉबी वॉट्सविरुद्ध निकाल हॅगलरच्या विरोधात गेला. पाहणाऱ्यांपैकी अनेकांना तो निकाल चुकीचा वाटला. मार्चमध्ये विली मनरोने त्याला हरवलं, आणि ती हार मात्र खरी होती. दोन महिन्यांत दोन पराभव. अशा वेळी व्यवस्थापक आपल्या खेळाडूला सोप्या प्रतिस्पर्ध्यांकडे वळवतात, आकडे सुधारून घेतात. पेट्रोनेलींनी आणि हॅगलरने उलटं केलं. ते पुन्हा फिलाडेल्फियाला गेले. सप्टेंबरमध्ये ‘सायक्लोन’ हार्टला आठ फेऱ्यांत थांबवलं. १९७७ मध्ये मनरोला आधी बाराव्या फेरीत आणि मग, त्याच्याच शहरात, दुसऱ्या फेरीत पाडलं. १९७८ मध्ये समोर आला बेनी ब्रिस्को, तिथला सर्वांत आदरणीय लढवय्या. त्याच्याविरुद्ध डोळ्यावर जखम घेऊन हॅगलर दहा फेऱ्या डोकं शांत ठेवून लढला आणि जिंकला. वॉट्सचं उट्टं १९८० मध्ये निघालं, तेही दुसऱ्या फेरीत.

माझ्या मते हॅगलर घडला तो या चार वर्षांत. पुढे हर्न्ससमोर जे दिसलं त्याचा पाया इथला आहे.

तरीही जगज्जेतेपदाची संधी काही मिळेना. कोणताही जगज्जेता त्याच्याशी लढायला तयार नव्हता. माजी जगज्जेता जो फ्रेझरने त्याला सरळ सांगितलं होतं की तुझ्याविरुद्ध तीन गोष्टी आहेत: तू काळा आहेस, डावखुरा आहेस आणि चांगला खेळतोस. डावखुरेपणाचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. डावखुरा बॉक्सर उजवा हात आणि उजवा पाय पुढे ठेवून उभा राहतो. समोरच्याचे सगळे अंदाज उलटे होतात, ठोसे नको त्या कोनातून येतात, पायावर पाय पडतो. हरण्याचा धोका जास्त आणि लढत दिसायलाही बेढब. त्यात हॅगलर मध्येच पवित्रा बदलून उजव्यासारखा खेळू शकत असे. त्याच्याशी लढून मिळायचं थोडं, जायचं सगळं. शेवटी प्रकरण राजकारण्यांपर्यंत गेलं. लोकप्रतिनिधीगृहाचे अध्यक्ष टिप ओ’नील आणि सिनेटर एडवर्ड केनेडी हे दोघेही मॅसॅच्युसेट्सचे. त्यांनी बॉक्सिंगच्या कारभाराची चौकशी लावण्याची भाषा केली, तेव्हा कुठे दार किलकिलं झालं.

३० नोव्हेंबर १९७९, लास व्हेगास. हॅगलरची ही पन्नासावी व्यावसायिक लढत आणि जगज्जेतेपदाची पहिली संधी. समोर व्हिटो अँटुओफर्मो. पंधरा फेऱ्या झाल्या, बहुतेकांच्या मते हॅगलर स्पष्ट पुढे होता. निकाल आला बरोबरीचा, आणि नियमाप्रमाणे बरोबरी म्हणजे पद जुन्याकडेच. त्याच रात्री, त्याच कार्यक्रमात, शुगर रे लेनर्ड आपल्या सव्विसाव्या लढतीत वेल्टरवेट जगज्जेता झाला. त्या रात्रीचे लेनर्डचे दहा लाख डॉलर, हॅगलरचे चाळीस हजार. निकालानंतर माजी जगज्जेता जो लुई हॅगलरजवळ आला आणि म्हणाला, तू जिंकला होतास, हार मानू नकोस. लुई तेव्हा आजारी होता, दीडेक वर्षात तो गेला. त्याच्या त्या शब्दांची आठवण हॅगलर नेहमी काढायचा.

दरम्यान पद अँटुओफर्मोकडून मिंटरकडे गेलं होतं. हे सगळं पाठीशी घेऊन हॅगलर वेंब्लीला गेला होता. त्या रात्रीपासून त्याने मनाशी एक गाठ मारली, असं त्याच्या पुढच्या लढती पाहताना वाटतं: निकाल पंचांवर सोडायचाच नाही. आकडे बघा. बारा वेळा त्याने जगज्जेतेपद राखलं. त्यांतल्या अकरा लढती शेवटच्या घंटेपर्यंत पोहोचल्याच नाहीत. ओबेलमेहियास दोनदा, अँटुओफर्मो बॉस्टनमध्ये पाच फेऱ्यांत, हामशो दोनदा, सिब्सन, सायपियन, रोल्डान. केव्हमन ली तर ६७ सेकंदांत आटोपला.

लढतीआधी तो केप कॉडच्या टोकाला, प्रॉव्हिन्सटाउनला जाऊन राहायचा. उन्हाळ्यात तिथे पर्यटकांची झुंबड असते. हॅगलर जायचा थंडीत, जेव्हा गाव ओस पडलेलं असे. या मुक्कामाला तो स्वतः तुरुंग म्हणायचा. घरच्यांपासून दूर, पहाटे अंधारात समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर लष्करी बूट घालून धावणं, कधी उलट्या पावलांनी धावणं, मग दोरी, बॅग, सराव. कोल्हापूरच्या जुन्या तालमीत राहिलेल्या पैलवानाला हा दिनक्रम परका वाटला नसता. धावायला हलके बूट मिळत असताना लष्करी बूट का, असं विचारलं जाई. पाय जड पडले की मन घट्ट होतं, एवढाच त्याच्या सांगण्याचा अर्थ असायचा.

नावाची गोष्टही इथेच सांगायला हवी. ‘मार्व्हलस’ हे विशेषण त्याला हौशी दिवसांपासून चिकटलं होतं. दूरचित्रवाणीवर नाव पुकारताना ते लावायला नकार मिळाला, तेव्हा १९८२ मध्ये त्याने न्यायालयात जाऊन कायद्याने आपलं नावच ‘मार्व्हलस मार्व्हिन हॅगलर’ करून घेतलं. काहींना हा अहंकार वाटला. मला त्यात वेंब्लीत पट्टा न मिळालेला माणूस दिसतो. जे कोणी देत नाही ते कागदावर सहीशिक्क्याने घ्यायचं.

त्या बारांतला एकमेव अपवाद होता दुरान. १० नोव्हेंबर १९८३. दुरान लाइटवेटमधून वर चढत आलेला, शरीराने लहान, पण रिंगमधली अक्कल अफाट. हॅगलर त्या रात्री विनाकारण सावध खेळला. तेराव्या फेरीअखेर दोन पंचांच्या कागदावर दुरान एका गुणाने पुढे होता. शेवटच्या दोन फेऱ्या हॅगलरने ओढून घेतल्या आणि पद वाचलं. लढत संपल्यावर दुरान रिंगच्या दोरापाशी आला आणि तिथे बसलेल्या लेनर्डला म्हणाला की तू याला हरवू शकशील. त्या वाक्याचं पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे.

आणि मग हर्न्स. १५ एप्रिल १९८५, सीझर्स पॅलेसच्या आवारात उघड्यावर बांधलेली रिंग. हर्न्स सहा फूट एक इंच उंच, लांब हातांचा. त्याच्या उजव्या सरळ ठोशाने दुरान दुसऱ्या फेरीत तोंडावर आपटला होता. अशा माणसाविरुद्ध शहाणा बॉक्सर आधी अंतर मोजतो, अंदाज घेतो. हॅगलरने घंटा वाजताच धाव घेतली. पहिल्याच मिनिटात हर्न्सचा उजवा हात त्याच्या जबड्यावर बसला आणि हॅगलर क्षणभर हलला. दुसरा कोणी असता तर मागे सरला असता. हा मागे जाण्याऐवजी आत शिरला, दोराशी हर्न्सला गाठून त्याच्या बरगड्यांवर आणि डोक्यावर दोन्ही हातांनी बरसू लागला. त्या तीन मिनिटांत हर्न्सचा उजवा हात मोडला. हॅगलरचं कपाळ फुटलं. बॉक्सिंगच्या इतिहासातली सर्वोत्तम पहिली फेरी कोणती, यावर चाहत्यांत फारसा वाद होत नाही, तो या फेरीमुळे.

तिसऱ्या फेरीत रक्त हॅगलरच्या डोळ्यांत उतरू लागलं. रेफरी रिचर्ड स्टीलने खेळ थांबवून त्याला डॉक्टरांकडे नेलं. हा क्षण फिल्मवर पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे. सगळी रांग, सगळे जुने निकाल त्या दोन-चार सेकंदांत त्याच्या चेहऱ्यावर दिसतात. जखमेमुळे लढत थांबली तर पद गेलं, आणि पुन्हा कोणी तरी कोणाच्या तरी कागदावर लिहिणार. दिसतंय का, असं विचारल्यावर, माझा ठोसा चुकतोय असं वाटतं का, अशा अर्थाचं त्याने उत्तर दिलं, हे शौकिनांच्या तोंडी आजही असतं. डॉक्टरांनी परवानगी दिली. त्यानंतर मिनिटभरही गेलं नाही. हॅगलरने उडी मारल्यासारखा उजवा हात सोडला, हर्न्स डळमळत वळला, हॅगलर त्याच्या मागे धावला, आणि शेवटच्या उजव्या ठोशाने हर्न्स खाली गेला. नऊच्या आकड्याला तो कसाबसा उठला, पण डोळ्यांत काहीच नव्हतं. स्टीलने त्याला सावरलं. सगळं मिळून आठ मिनिटांच्या आसपासचा खेळ.

त्या रात्री हॅगलरच्या सामर्थ्याबद्दल कोणाला शंका उरली नाही. पण अशी रात्र शरीराकडून काही तरी वसूल करतेच. मार्च १९८६ मध्ये युगांडाचा जॉन मुगाबी समोर आला. त्याने तोवरच्या सगळ्या लढती नॉकआउटने जिंकल्या होत्या. अकराव्या फेरीत हॅगलरने त्याला पाडलं खरं, पण मध्ये बरेच ठोसे खाल्ले. पाय मंदावले होते. रिंगजवळ लेनर्ड बसला होता. त्याने ते पाहिलं आणि दोन महिन्यांत परतण्याची घोषणा केली.

लेनर्डने हॅगलरला पूर्वी एकदा झुलवलं होतं, हे विसरता कामा नये. मे १९८२ मध्ये लेनर्डच्या डोळ्याचा पडदा सुटल्याचं निघालं. नोव्हेंबरमध्ये त्याने बाल्टिमोरला मोठा समारंभ केला, हॅगलरला खास बोलावलं. सगळ्यांना वाटलं की दोघांच्या लढतीची घोषणा होणार. लेनर्डने सांगितलं की या थोर माणसाशी लढायला मला आवडलं असतं, पण ते कधीच होणार नाही. हॅगलर टाय-कोट घालून तिथे बसला होता. साडेचार वर्षांनी तोच लेनर्ड परतला. मधल्या काळात त्याची फक्त एकच लढत झालेली.

वाटाघाटींत काय ठरलं ते बघा. हॅगलरला किमान एक कोटी वीस लाख डॉलर, लेनर्डला एक कोटी दहा लाख. लेनर्डने जास्त पैशांचा हट्ट धरला नाही. त्याने मागितली मोठी, वीस फुटी रिंग, दहा औंसांचे जाड ग्लोव्ह्ज आणि बारा फेऱ्या. मोठी रिंग म्हणजे पळायला जागा. जाड ग्लोव्ह म्हणजे ठोशाची धार बोथट. बारा फेऱ्यांबद्दल हॅगलरचे चाहते फार खंत करतात, पण १९८२ मध्ये कोरियाचा किम डुक-कू लढतीनंतर मरण पावला, त्यानंतर डब्ल्यूबीसी या जागतिक संघटनेने पंधराच्या बारा फेऱ्या केल्याच होत्या. रिंग आणि ग्लोव्ह्ज मात्र हॅगलरने हातचे दिले. वर्षानुवर्षं ज्याला किंमत मिळाली नाही त्याने करारातला सर्वांत मोठा आकडा आपल्या बाजूला घेतला, आणि लेनर्डने बाकी सगळं.

सामना सीझर्स पॅलेसलाच. पहिल्या दोन फेऱ्या हॅगलर उजव्या पवित्र्यात खेळला. त्याला दाखवायचं होतं की बॉक्सिंगही आपण लेनर्डपेक्षा चांगलं करतो. ज्या डावखुऱ्या पवित्र्याने जगज्जेत्यांना सात वर्षं त्याच्यापासून पळायला लावलं, तोच त्याने कोपऱ्यात ठेवला. तिन्ही पंचांनी या दोन्ही फेऱ्या लेनर्डला दिल्या. तिसऱ्या फेरीत तो मूळ पवित्र्यावर आला. पाचवीत त्याचा अपरकट लागला आणि लेनर्ड थकू लागल्याचं दिसलं. नववी फेरी तर दोघांचीही उत्तम. पण लेनर्डच्या कोपऱ्यातून प्रत्येक फेरीची शेवटची तीस सेकंदं राहिली की ओरडून सांगितलं जाई, आणि तो दोन्ही हातांनी भराभर ठोसे उडवून फेरी सजवत असे. ते ठोसे लागत किती होते हा वेगळा प्रश्न. पंचांच्या लक्षात शेवट राहतो.

निकाल विभागून. लू फिलिपोने ११५-११३ असा कौल हॅगलरला दिला, डेव्ह मोरेटीने तितक्याच गुणांनी लेनर्डला, आणि होहो गेराने ११८-११० असा लेनर्डला. फेरीला दहा गुण जिंकणाऱ्याला, नऊ हरणाऱ्याला असतात. म्हणजे पहिल्या दोघांच्या हिशेबाने फेऱ्या सात-पाच, आणि गेराच्या हिशेबाने दहा-दोन. गेराचा हा कागद कुठल्याच बाजूच्या जाणकाराला समर्थनीय वाटत नाही. आणि त्याहून चटका लावणारी गोष्ट अशी की पंच म्हणून आधी इंग्लंडच्या हॅरी गिब्जचं नाव होतं. हॅगलरच्या गोटाने हरकत घेतली, म्हणून त्याच्या जागी गेरा आला. घरी बसून लढत पाहिलेल्या गिब्जने नंतर सांगितलं की माझा कौल हॅगलरला गेला असता.

माझं उत्तर आता देतो. लढत मी हॅगलरचा चाहता म्हणूनच पाहतो, आणि तरी मला लेनर्ड सात-पाचने पुढे दिसतो. मधल्या एक-दोन फेऱ्या इकडे-तिकडे होऊ शकतात, हेही मान्य. पण मोरेटीच्या कागदावरची एकच फेरी फिरली असती तर तिथे ११४-११४ झालं असतं, निकाल बरोबरीचा लागला असता आणि पद हॅगलरकडेच राहिलं असतं. हॅगलरने स्वतःच्या हाताने दोन फेऱ्या दान केल्या होत्या. म्हणून पंचांना दोष देणाऱ्यांशी माझं जमत नाही. गेराचा कागद लाजिरवाणा होता, पण लढत तिथे गेली नाही. ती त्या पहिल्या सहा मिनिटांत गेली, आणि त्याआधी करार करताना.

हॅगलरला हे कधीच पटलं नाही. आपण लुटले गेलो, असंच तो अखेरपर्यंत म्हणाला. त्याच्या जागी बसून पाहिलं तर ते समजतं. वॉट्स, अँटुओफर्मो, वेंब्ली. इतक्या वेळा ज्याचा हक्क हुकला, त्याला सातव्या-आठव्या वेळी निकाल खरा असू शकतो हे कसं पटावं?

पण यानंतर त्याने जे केलं, त्यासाठी मी त्याला इतर तिघांच्या वर ठेवतो. वर्षभर त्याने फेरलढतीची वाट पाहिली. लेनर्ड तयार होईना. जून १९८८ मध्ये हॅगलरने निवृत्ती जाहीर केली. इटलीला गेला, मिलानमध्ये राहिला, तिथली भाषा शिकला, इटालियन मारधाडपटांत कामं केली. दोनेक वर्षांनी लेनर्डकडून फेरलढतीची विचारणा आली, कोट्यवधी डॉलरची. त्याने नकार दिला. एके काळी मला तो हवा होता, आता नाही, असा त्याचा सूर होता. ज्या एका गोष्टीसाठी तो जळत होता ती समोर आली असताना त्याने हात पुढे केला नाही.

या खेळात असं किती जणांना जमलं? लेनर्ड १९९७ मध्ये चाळिशीत परतला आणि कामाचोने त्याला पाचव्या फेरीत संपवलं. दुरान २००१ पर्यंत लढत राहिला, हर्न्स २००६ पर्यंत. अलीची शेवटची वर्षं सांगायलाच नकोत. हॅगलरला धीर देणारा जो लुई करांच्या थकबाकीपायी परतला होता आणि १९५१ मध्ये त्याला रिंगबाहेर फेकलं ते ब्रॉकटनच्याच मार्सियानोने. तो मार्सियानो १९५६ मध्ये थांबला आणि मोहाचे प्रस्ताव येऊनही परतला नाही. बुटांच्या एवढ्याशा गावातून दोन जगज्जेते निघाले आणि दोघांनाही थांबायचं कळलं.

६२ विजय, त्यांतले ५२ नॉकआउट, ३ पराभव, २ बरोबरी. कोणीही त्याला नॉकआउट करू शकलं नाही. रोल्डानविरुद्ध एकदा तो पडल्याची नोंद आहे, पण ते घसरणं होतं, असंच त्याने सांगितलं. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली. १३ मार्च २०२१ रोजी न्यू हॅम्पशरमधल्या घरी, सहासष्टाव्या वर्षी तो गेला. २०२४ मध्ये ब्रॉकटनने त्याचा पुतळा उभारला.

त्याच्या लढती आज घरबसल्या पाहायला मिळतात. वाचकांना एवढंच सांगणं आहे की सुरुवात १९८७ पासून करू नका. आधी मिंटर पाहा, मग दुरान, मग हर्न्स. त्यानंतर लेनर्डची लढत लावा, समालोचनाचा आवाज बंद करा, कागद-पेन्सिल घ्या आणि प्रत्येक फेरी संपताच गुण लिहून टाका. निकाल माझ्यापेक्षा वेगळा आला तरी चालेल. निदान तो तुमचा असेल.